‘एवढं दिलं, तरी?’

खान्देशात प्रकल्पग्रस्तांबद्दल एक मत रूढ आहे. ते इतक्या ठसक्यात मांडलं जातं की उलट बोलणारा एकतर आंदोलनवाला ठरतो, नाहीतर बावळट. मत असं: जमीन गेली, मान्य. पण मोबदला मिळाला ना? नव्या गावठाणात प्लॉट मिळाला ना? रस्ता, नळ, शाळा, घरात एकाला प्रकल्पग्रस्ताचा दाखला; आणखी काय हवं? मग त्यातल्या कुणी जिवाचं बरंवाईट करून घेतलं, तर त्यात धरणाचा काय दोष? दारू असेल, भाऊबंदकी असेल, मुळात माणूसच कच्च्या मनाचा असेल. एवढ्यानेही समोरचा गप्प बसला नाही, की हुकमाचं पान निघतं: सिंधी लोकांकडे बघा. अंगावरच्या कपड्यांनिशी आले, मिळेल ते विकलं, आज बाजारपेठेत त्यांचा शब्द चालतो. त्यांना कुठे आलं होतं डिप्रेशन?

हे मत निवृत्त अभियंते मांडतात, दुकानदार मांडतात. आणि याचं जास्त वाईट वाटतं की, ज्यांच्या शेताला त्याच धरणाचं पाणी मिळालं, ते बागायतदारही मांडतात. केळीला सोडलेलं पाणी कुणाच्या अंगणावरून आलं, हा प्रश्न त्यांच्या हिशेबात बसत नाही.

हुकमाच्या पानापासूनच सुरुवात करू, कारण ते पडलं की डाव संपला असं सगळे धरून चालतात.

फाळणीनंतर जळगाव-धुळ्यात आलेल्या सिंधी कुटुंबांनी उपसलेले कष्ट कुणी नाकारत नाही. जळगावची सिंधी कॉलनी आणि धुळ्याचं कुमारनगर डोळ्यांसमोर आहे. पण शिकारपूर आणि सिंधमधलं हैदराबाद इथल्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या फाळणीच्या कितीतरी आधी मध्य आशियापर्यंत आणि समुद्रापार पसरल्या होत्या, हे विसरून चालेल का? उधारी कशी द्यायची, माल कुठून उचलायचा, पत कशी राखायची, हे कसब व्यापाऱ्याच्या डोक्यात असतं. सरहद्द ओलांडताना ते कुणी हिसकावून घेऊ शकत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याचं कसब त्याच्या वावरात असतं. कोणत्या बांधाकडे ओल टिकते, कुठे ज्वारी करपते, पाऊस लांबला तर कोणता तुकडा आधी पेरायचा. त्याला पन्नास किलोमीटरवर नेऊन दुसरी जमीन दिली, की चाळीस वर्षांचं शिक्षण एका दिवसात रद्द होतं. या दोघांची तुलना करणाऱ्याला शेती कळत नाही, आणि व्यापारही कळत नाही.

शिवाय ‘सरकारकडून काही न घेता उभे राहिले’ ही अर्धीच गोष्ट आहे. त्या निर्वासितांसाठी दिल्लीत स्वतंत्र पुनर्वसन खातं उभं राहिलं, कल्याणच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं, १९५१ मध्ये कर्जांच्या समायोजनाचा आणि १९५४ मध्ये नुकसानभरपाईचा कायदा झाला. जे मिळालं ते अपुरं होतं, उशिरा मिळालं. पण राष्ट्रावर आलेली आपत्ती तुमच्या वाट्याला आली, एवढं तरी देशाने त्यांना तोंडाने सांगितलं. हतनूर धरणाच्या फुगवट्याखाली ज्यांची गावं गेली त्या रावेर-मुक्ताईनगर पट्ट्यातल्या माणसांना कुणी काय सांगितलं? तक्रार केली की ‘विकासाला आडवे येता’, आणि तक्रार केली नाही की ‘बघा, सुखात आहेत’.

आणि सिंधी निर्वासितांची पहिली पिढी मनाने धडधाकट होती हे ठरवलं कुणी? कुणी मोजलं? देशाचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमच मुळी १९८२ चा. फाळणीनंतर दोन्ही देशांनी मनोरुग्णालयांतले रुग्णसुद्धा धर्मानुसार वाटून घेतले होते. सआदत हसन मंटोंनी ‘टोबा टेकसिंग’ ही कथा लिहिली ती हवेतून नाही. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं म्हणजे रात्री झोप लागली होती असं होत नाही. जळगावात पुढे पाकिस्तानातून आलेली, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षानुवर्षं राहणारी सिंधी कुटुंबंही आहेत. नागरिकत्व दुरुस्ती कायदा २०१९ मध्ये झाला, त्याचे नियम निघाले मार्च २०२४ मध्ये. दरम्यानच्या काळात त्या घरांतल्या म्हाताऱ्यांना पोलीस ठाण्यातून फोन आला की छातीत काय होत होतं, हे हुकमाचं पान टाकणाऱ्यांनी एकदा विचारून यावं.

आता ‘एवढं दिलं’ यातलं ‘एवढं’ म्हणजे केवढं ते पाहू.

धुळे जिल्ह्यात शिंदखेडा तालुक्यातलं विखरण. दोंडाईच्याच्या वीजप्रकल्पासाठी तिथल्या जमिनी घेतल्या. धर्मा पाटील या शेतकऱ्याच्या पाच एकरांना सुमारे चार लाख रुपये मिळाले. लगतच्या जमिनींना याच्या कितीतरी पट मिळाल्याची त्यांची तक्रार होती. दर ठरवताना बागेची नीट मोजदाद झाली नाही, हे ते सांगत राहिले. वय ऐंशीच्या घरात. या वयात माणूस नातवंडांना शाळेत सोडतो. धर्मा पाटील तलाठी, प्रांत, जिल्हाधिकारी आणि मंत्रालय अशा हेलपाट्यांत होते. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयातच विष घेतलं आणि २८ जानेवारीला जे. जे. रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला.

यावर दोन प्रतिक्रिया आल्या. पहिली: पैशासाठी सरकारला वेठीला धरलं. दुसरी, जरा सहानुभूतीची: म्हातारपणी मन खचलं असेल बिचाऱ्याचं. दोन्ही प्रतिक्रियांची सोय एकच आहे. कचेरी मधून निसटते. मन खचलं, बरोबर. पण ते आपोआप खचलं का? ‘साहेब दौऱ्यावर आहेत’, ‘फाइल वर गेली आहे’, ‘हा विषय आमच्याकडे येत नाही’, ‘पुढच्या सोमवारी या’: ही चार वाक्यं एखाद्याला वर्षानुवर्षं ऐकवा आणि त्याच्या हातात काहीच नाही हे त्याला रोज नव्याने पटवून द्या. मानसोपचारतज्ज्ञ ज्याला हताशपणा म्हणतात आणि आत्महत्येच्या जोखमीत ज्याला फार वरचं स्थान देतात, तो याहून वेगळा कसा तयार होतो? इथे अन्याय आणि आजार असे दोन पर्याय ठेवून एक निवडा म्हणणं हीच लबाडी आहे. अन्यायाने माणूस आजारी पडतो. मोबदला योग्य मिळाला म्हणून उपचारांची गरज संपत नाही, आणि समुपदेशक नेमला म्हणून मोबदल्याचा प्रश्न मिटत नाही.

सरकारने काय केलं? त्याच वर्षी फेब्रुवारीत मंत्रालयात जाळी बसवली. खरीखुरी जाळी, वरून कुणी उडी घेतली तर झेलायला. (पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ स्वतःच निषेध म्हणून त्या जाळीवर उतरले, सोय सगळ्यांना उपयोगी पडली म्हणायची.) त्याच २०१८ मध्ये राज्याने २०१३ च्या भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करून सिंचनासह बऱ्याच प्रकल्पांना सामाजिक परिणामांच्या पाहणीतून सूट द्यायची मुभा स्वतःला घेतली. जमीन घेण्याआधी माणसांचं काय होईल हे तपासायची जी एकमेव कायदेशीर पायरी होती, तीच ऐच्छिक केली. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं ३०९ कलम काढलं खरं, पण २२६ वं कलम आणलं: लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत कैद. दुसरीकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं ११५ वं कलम सांगतं की उलट सिद्ध होत नाही तोवर असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, आणि त्याची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. म्हणजे घरात प्रयत्न केला तर तो रुग्ण, आणि कचेरीत केला तर आरोपी. कचेरीला स्वतःच्या अब्रूची केवढी ही काळजी!

‘पण हे एखादं उदाहरण झालं. बाकीचे घरगुती कारणानेच मरतात. पोलिसांच्या कागदावर बघा.’ 

बघूच. आपल्याकडच्या दैनिकात आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. अमुक गावातील, वय इतके, अकस्मात मृत्यूची नोंद, आणि शेवटचं वाक्य ठरलेलं: ‘आत्महत्येचे कारण समजू शकले नाही.’ समजू शकलं नाही, कारण विचारलं नाही. पंचनाम्याच्या वेळी घर आक्रोशात असतं, हवालदाराला संध्याकाळच्या आत कागद पुरा करायचा असतो, शेजारी म्हणतात ‘घरात कुरकुर होती’, आणि कागदावर उतरतं ‘कौटुंबिक कारण’. हेच कागद वर जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. सर्वांत जास्त, २२,७४६, महाराष्ट्रात. कारणांमध्ये सर्वांत वर कौटुंबिक समस्या, त्याखाली आजारपण. त्या तक्त्यात परीक्षेतलं अपयश आहे, प्रेमप्रकरण आहे, मालमत्तेचा वाद आहे. विस्थापनाचा रकाना नाही. जो रकानाच नाही त्यात कुणी सापडला नाही म्हणून समाधान मानायचं?

शेतकरी आत्महत्येच्या खात्यातही विस्थापित सापडत नाही. एक लाखाची मदत मिळायची तर प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं, म्हणजे कुटुंबाच्या नावे जमीन हवी, थकलेलं कर्ज हवं, वसुलीचा तगादा हवा. ज्याचा सातबारा प्रकल्पाने घेतला तो कागदोपत्री शेतकरीच उरत नाही. पुढे मजुरीला गेला असेल तर मरताना तो ‘रोजंदारी मजूर’. हयातीत जमीन गेली आणि मेल्यावर ओळखही गेली.

आणि ते कौटुंबिक कारण तरी कुठून आलं? प्रकल्पग्रस्तांसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्याचा लाभ कुटुंबात एकालाच. भाऊ तीन, दाखला एक. मोबदल्याची रक्कम सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात. बहिणीने हक्कसोड दिलेला, बायकोचं नाव कधी लागलेलंच नाही. पैसे आले की मोटारसायकलवाले येतात, प्लॉटवाले येतात, लांबचे जावई जवळ येतात. दोन वर्षांत रक्कम संपते आणि तीन भावांचं बोलणं तुटतं. या भांडणाला घरगुती म्हणणारा माणूस, भिंत पाडून झाल्यावर पावसाला दोष देणारा आहे.

दारूचं म्हणाल तर हो, दारू आहे, भरपूर आहे. ती कारण आहे की ज्याला काम उरलं नाही त्याने स्वतःच शोधलेलं औषध, एवढंच जरा तपासा.

कुठल्याही पुनर्वसित गावठाणात दुपारी दोनच्या सुमाराला जाऊन बघा. सरळ रेषेत आखलेले प्लॉट, त्यांना क्रमांक. वाटप चिठ्ठ्या टाकून झालेलं, त्यामुळे जुन्या गावात ज्याच्या ओट्याला ओटा होता तो भाऊ आता गावाच्या दुसऱ्या टोकाला. प्लॉटवर घर बसतं, गोठा बसत नाही. म्हैस पहिल्याच वर्षी विकलेली. म्हातारा एसटीच्या थांब्यावर सिमेंटच्या बाकावर बसलेला. त्याला कुठे जायचं नाही, गाडी येते आणि जाते. घरात विचारलं तर सून कणीक मळता मळता सांगते, ‘ते दिवसभर तठेच बसतंस.’ बाबाला विचाराल तर उत्तर तीन शब्दांचं: ‘जीव लागत नही.’ त्याला बीपीची गोळी चालू आहे, आरोग्य उपकेंद्रातून मिळते. झोपेचं कुणी विचारलेलं नाही. भूक मेली, पहाटे तीनला जाग येते, कशात मन नाही: ही नैराश्याची लक्षणं एमबीबीएसच्या विद्यार्थ्यालाही पाठ असतात. पण बाबा म्हातारा आहे, शिवाय प्रकल्पग्रस्त आहे, आणि त्याला तर सगळं दिलंय. तेव्हा हा स्वभाव धरायचा.

जगात हे कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. अमेरिकेत बोस्टन शहरातली वेस्ट एंड ही वस्ती साफ करून तिथल्या कुटुंबांना हलवलं, तेव्हा मार्क फ्रीड या मानसशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास केला. १९६३ साली त्याने लिहिलं की या माणसांचा शोक हा जवळचं माणूस गेल्यावरच्या शोकासारखाच आहे आणि अनेकांच्या बाबतीत तो दोन वर्षांनीही ओसरलेला नाही. आफ्रिकेत झांबेझीवरच्या करिबा धरणाने सत्तावन्न हजारांच्या आसपास लोक उठवले. थेयर स्कडर आणि एलिझाबेथ कोल्सन यांनी त्यांच्याबरोबर आयुष्यातली कित्येक वर्षं काढून दाखवून दिलं की पुनर्वसनाचा ताण शरीर, मन आणि समाज तिन्हींवर एकदम पडतो. आपली धरणं यानंतरची आहेत. माहिती होती, वाचली नाही.

‘पण बोस्टनची गोष्ट जुनी, आणि करिबा गरीब देशातलं, अपुऱ्या सोयींतलं.’ ठीक. मग श्रीमंत देशातलं अलीकडचं उदाहरण घ्या. भूतानने हाकललेले नेपाळीभाषक लोक नेपाळच्या छावण्यांत जवळजवळ दोन दशकं राहिले आणि २००८ पासून मोठ्या संख्येने अमेरिकेत वसवले गेले. घर, शाळा, रुग्णालय, नागरिकत्वाची वाट. ‘एवढं दिलं’ म्हणायला याहून जास्त काय हवं? तरी फेब्रुवारी २००९ ते फेब्रुवारी २०१२ या तीन वर्षांत त्यांच्यात सोळा आत्महत्या नोंदल्या गेल्या. प्रमाण काढलं तर सर्वसाधारण अमेरिकनांच्या दीडपटीहून अधिक. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राची माणसं घरोघर गेली. भाषेची अडचण, बेकारी, आधाराला माणूस नसणं, आणि कालपर्यंत घर चालवणाऱ्याने आज कमावता न उरणं, या गोष्टी पुढे आल्या. फरक बघा: तिथे सोळा मृत्यूंवर सरकारी आरोग्ययंत्रणा कामाला लागली. आपल्याकडे सोळा झाले तर कळेल तरी का?

राहिला शेवटचा युक्तिवाद आणि तो मला सगळ्यांत किळसवाणा वाटतो: डिप्रेशन हे शहरी थेर आहे, सातपुड्यातला आदिवासी मस्त असतो, होळीला नाचतो, त्याला कसली काळजी? 

सरदार सरोवरात महाराष्ट्राची तेहतीस गावं बाधित झाली. सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली; १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा होईपर्यंत ती धुळे जिल्ह्यातच होती, म्हणजे हा आपलाच हिशेब आहे. नर्मदा लवादाने १९७९ मध्ये जमिनीच्या बदल्यात किमान दोन हेक्टर जमीन ठरवली. सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब मानला. सज्ञान मुलगी लवादाला दिसली नाही. १९९३ मध्ये मणिबेलीत पाणी शिरलं. तळोदा तालुक्यात वसाहती उभ्या राहिल्या, काही कुटुंबं गुजरातेत गेली. नदीत मासे, डोंगरात मोहू, डिंक, चारा, लाकूड, यातलं काहीही मोबदल्याच्या तक्त्यात नव्हतं, कारण त्याला सातबारा नसतो. ज्या बाईचा अर्धा संसार त्या नदी-डोंगरावर चालायचा, ती सपाटीवर येऊन जळणसुद्धा विकत घ्यायला लागली. ती रडली तर ‘बाहेरचं झालं’ म्हणून भगताकडे नेली, आणि गप्प बसली तर ‘रुळली’ अशी नोंद. होळीला ती नाचते, हा तिच्या मनःस्वास्थ्याचा दाखला? मग शहरातला माणूस गणपतीत नाचतो, त्याच्या गोळ्या बंद कराव्यात का?

उपचार मागायला तिने जायचं कुठे? राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. धुळ्याहून सर्वांत जवळचं ठाणे, तेही तीनशेच्या आसपास किलोमीटर. धुळ्यात आणि जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तो चोवीस तास चालतो. हे वाचणाऱ्या कुणाच्या मनात जिवाचे विचार घोळत असतील तर त्याने आजच तिथे फोन करावा, जवळच्या माणसाजवळ बोलावं, त्यात लाज कसली. पण पावरी किंवा भिलोरीत बोलणाऱ्या, मोबाइलला रेंज नसलेल्या पाड्यावरच्या आजीने हा फोन कसा करायचा? तिच्याकडे कुणीतरी चालत जायला हवं. चालत जाणारी आशाताई आहे. तिला आपण गोवराची आणि गरोदरपणाची माहिती भरायला लावतो. झोप लागते का, जगावंसं वाटतं का, हे दोन प्रश्न त्यात घालायला कुठला निधी लागतो?

पुनर्वसित गावठाणात शासन अठरा नागरी सुविधा देतं. पाणी, शाळा, समाजमंदिर, अंतर्गत रस्ते, पोचरस्ता, वीज, गटारं, एसटी थांबा, खळवाडी, बाजाराची जागा. स्मशानभूमीही आहे यादीत. माणूस तिथे पोचण्याआधी त्याच्याशी बोलणारं कुणी मात्र नाही. ती सोय एकोणिसावी म्हणून घाला, आणि तिचा खर्च आरोग्य खात्याच्या गळ्यात न घालता प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरा: सिमेंट, सळई आणि दरवाजांच्या रांगेत, किमान दहा वर्षांसाठी. धरणाच्या भिंतीची देखभाल आपण पन्नास वर्षं करतो. भिंतीमुळे उठलेल्या माणसांची दहा वर्षं जड का वाटावीत? सामाजिक परिणामांच्या पाहणीतली सूट मागे घ्या. मोबदला नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यात द्या. गावठाणात वाटप करताना भाऊबंद आणि शेजारी शेजारीच ठेवा. याला तर एक पैही लागत नाही.

आणि ज्यांना अजूनही वाटतं की हा सगळा कांगावा आहे, विस्थापनाने कुणी मरत नाही, त्यांच्यासाठी साधं काम आहे. प्रकल्पग्रस्तांच्या याद्या जिल्हा पुनर्वसन अधिकाऱ्याकडे असतात. अकस्मात मृत्यूंच्या नोंदी पोलिसांकडे असतात. जळगाव असो की धुळे, दोन्ही दप्तरं एकाच शहरात, रिक्षाच्या अंतरावर आहेत. ती एका टेबलावर मागवा, गेल्या तीस वर्षांची नावं एकमेकांशी ताडून बघा, आणि निघेल तो आकडा दोन्ही जिल्ह्यांच्या दैनिकांत पहिल्या पानावर छापा. आकडा कमी निघाला तर माझं तोंड बंद करायला तुमच्या हाती कागद असेल. तोवर ‘एवढं दिलं, तरी?’ हा प्रश्न विचारायचा अधिकार तुम्हाला नाही, कारण किती जण गेले हेच तुम्ही मोजलेलं नाही.